डावी झडप, उजवी झडप

बंटीच्या लग्नापासून रामा आणि रत्नदीप एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरीही दोघं भाऊ एकाच विमानावर काम करत होते. हे कसं जमतं असं किन्हवलीत कुणी विचारलं, तर रोकड्यांच्या घरातली माणसं सांगायची की त्यात अवघड काय, विमानाला डावी बाजू असते आणि उजवी असते. डावी रामाची, उजवी रत्नदीपची. मध्ये, जिथे रत्नदीपची मुलगी मेघा विमान चालवायला बसते तिथे, एक जण काम करत असला की दुसऱ्याला हमखास चहाची तलफ यायची.

आज मात्र दोघांनाही चहा सुचत नव्हता. जानेवारीचं स्वच्छ ऊन पडलं होतं, वारा जेमतेम होता, आणि माळावरच्या धावपट्टीच्या कडेला सकाळपासून माणसं जमली होती. टोकावड्याहून संघरत्ना आली होती, या दोघांची मधली बहीण, निवृत्त शिक्षिका. आसनगावहून रामाचा मुलगा बंटी आणि त्याची नवी बायको शीतल आली होती. बांधापलीकडे वालाच्या शेतात अर्धं गाव उभं होतं. फक्त मेघाची आई आली नव्हती. पोरगी हवेत असताना बघणं तिला झेपत नाही, म्हणून ती घरी बिरडं शिजवत होती आणि शीतलला दर थोड्या वेळानं फोन करून, अजून उडाली नाय ना, एवढंच विचारत होती.

शेडच्या तोंडाशी त्यांचं विमान होतं, चतुर. पिवळा, निळ्या पट्ट्याचा, चतुर किड्यासारख्या दोन पंखांच्या जोड्या, एकावर एक, म्हणून लहानपणी मेघानंच त्याला हे नाव दिलं होतं. बारा-तेरा वर्षं दोघा भावांनी सुट्ट्या, रविवार आणि निवृत्तीनंतरचे सगळे दिवस त्यात घातले. रामानं उभा जन्म एसटीच्या कारखान्यात गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. लाकूड आणि पत्रा त्याच्या हातात शहाण्यासारखे वागतात. रत्नदीप मुंबईला विमान कंपनीच्या हँगरमध्ये टेक्निशियन होता. मागच्या हिवाळ्यात मेघानं चतुर पहिल्यांदा उडवला, तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते. विमान सरळ सुंदर उडायचं. अडचण एकच होती. मेघाला कसरती करायच्या होत्या आणि चतुर वळायला आळशी होता. कुशीवर फिरवायचा तर तिला स्टिकला दोन्ही हात लावावे लागायचे.

म्हणून नव्या झडपा. एलेरॉन हा खरा शब्द, पण रामानं पहिल्याच दिवशी झडप म्हटलं आणि मग रत्नदीपही तेच म्हणायला लागला. पंखाच्या मागच्या कडेला असलेली ही हलती फळी. एका पंखाची वर जाते, दुसऱ्याची खाली, आणि विमान कुशीवर वळतं. जुन्या झडपा काढून जास्त रुंद, दोन्ही अंगांनी सारख्या फुगीर अशा नव्या करायच्या, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. भांडण झालं ते एका भोकावरून.

झडपेला पोटाशी एक पोलादी पट्टी असते. तिच्या भोकात सळई अडकते, वैमानिकानं स्टिक हलवली की सळई पट्टीला ढकलते आणि झडप फिरते. भोक बिजागरीच्या जवळ पाडलं तर थोडक्या हातात झडप जास्त फिरते, विमान झटकन वळतं, पण हाताला जड लागतं. लांब पाडलं तर हात हलका, फिरणं बेताचं. रामा म्हणाला जवळ, पोरीला कसरती करायच्यात, बैलगाडी हाकायची नाय. रत्नदीप म्हणाला लांब, आधी जीव, मग कसरती. हा वाद बंटीच्या हळदीपर्यंत चालला आणि लग्नाच्या मांडवात, मुरबाडच्या व्याह्यांसमोर, रत्नदीप बोलून गेला, "ही एसटीची बॉडी नाय, दादा."

रामानं हातातलं ताट तसंच ठेवलं आणि उठला. तेव्हापासून अबोला.

रत्नदीपला त्याच क्षणी जीभ चावावीशी वाटली होती. पण रोकड्यांच्या घरात माफी तोंडानं मागायची रीत नाही. यांचा बा असाच होता. पोरावर हात उगारला की दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या पाटीला नवी लाकडी चौकट बसलेली असायची, शब्द मात्र एक नाही. पोरांनीही तेच उचललं. या घरात चुकलं हे हातानं सांगतात, आणि समोरच्यानं ते न सांगता ओळखायचं असतं.

*

मेघा सकाळपासून एका जागी बसली नव्हती. मंगळवारी ती हैदराबादला नोकरीवर रुजू होणार होती. नव्या झडपांसह चाचणी उड्डाणाची परवानगी आजच्या सूर्यास्तापर्यंतची होती, आणि ही हुकली तर पुढचा योग पावसाळा संपल्यावर. तोवर सुट्टी मिळेल का, हाताची सवय राहील का, कुणाला ठाऊक. त्याहून मोठी भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. हा हिवाळा न उडता गेला तर चतुर शेडमध्येच राहील आणि तिचा बाप न् तिचा तात्या, म्हणजे रामा, शेडच्या दोन टोकांना म्हातारे होतील, असं तिला मनापासून वाटत होतं. तरीही ती आनंदात होती. विमान समोर उभं असलं की तिला दुसरं काही होतच नसे.

संघरत्ना आत्यानं त्रिशरण-पंचशील घेतलं, शेडमधल्या बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, शीतलनं सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. दोघा भावांनी वडी एकाच ताटलीतून घेतली पण एकमेकांकडे न बघता.

मग मेघा म्हणाली की ती झडपांचं फिरणं एकदा स्वतः मोजणार.

रत्नदीप म्हणाला की त्यानं मोजलंय. रामा म्हणाला, बंटीकडे बघून, की डावीकडचंही मोजलेलं हाय म्हणून सांग. मेघा हसली. उडवणार मी, तर मोजणार मी, असं म्हणून तिनं अंश दाखवणारं छोटं यंत्र उजव्या झडपेवर बसवलं आणि बंटीला आत बसून स्टिक हलवायला सांगितली. दोघांनी आपापल्या पंखाचं मोजलं होतं ही गोष्ट खरी होती. दोन्ही पंखांचं कुणीच मोजलेलं नव्हतं. एकानं दुसऱ्याच्या पंखाकडे जायचं नाही, हा अलिखित कायदा महिनाभर पाळला गेला होता आणि त्यात काही चुकतंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"उजवी, वर. चोवीस," मेघा म्हणाली.

यंत्र काढून तिनं डाव्या झडपेवर ठेवलं. बंटीनं स्टिक दुसऱ्या बाजूला पूर्ण रेटली. मेघानं आकडा वाचला, यंत्र उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

"डावी अठरा."

बांधापलीकडच्या लोकांना काही कळलं नाही. शेडपाशी मात्र सगळे विमानाजवळ सरकले. एक झडप दुसरीपेक्षा कमी फिरत असेल तर विमान एका बाजूला वळताना नाक नीट येतं, दुसऱ्या बाजूला नाक भलतीकडे ओढलं जातं. सरळ उडताना चालून जाईल. उलटं होताना नाही.

पहिला भडका बंटीचा उडाला. काका नेहमीसारखं काहीतरी बोलणार आणि बापाच्या तोंडावर पुन्हा एसटी मारणार, या भीतीनं तो आधीच बोलून बसला की डावीकडे काय चूक नाय, त्याच्या बानं एकेक बोल्ट दहादा बघून बसवलाय. रत्नदीपनं काही म्हटलंच नव्हतं. पण आता त्यालाही राग आला. चूक डावीकडे आहे असं मी म्हटलंच कुठे, उजवीकडे आहे असं तरी कोण म्हणतंय, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. मेघा बंटीच्या बाजूनं बोलली, तर तिच्या बापाचा चेहरा पडला. शीतलनं काकांना पाणी नेऊन दिलं, तर बंटीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. रामा एकटा डाव्या पंखाखाली गुडघ्यांवर बसून झडपेच्या बिजागऱ्या चाचपत होता.

*

संघरत्ना सगळं ऐकत होती.

पंखांवरचं कापड तिनं शिवलं होतं, त्यामुळे महिनाभर ती आठवड्यातून दोनदा टोकावड्याहून येत होती. दोन भावांमध्ये तीच एक पूल होती. चहा, खिळे, सँडपेपर, निरोप, सगळं तिच्या हातून जायचं. निरोपांतला कडवटपणा ती वाटेत गाळून टाकायची, ही शाळेतली सवय. एके दुपारी रामानं तिला डाव्या पंखाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं की त्यानं रत्नाचंच, म्हणजे रत्नदीपचंच, ऐकलंय, पण त्याला सांगू नको. त्याच आठवड्यात रत्नदीपनं उजव्या पंखाशी तिचा हात धरला आणि सांगितलं की दादाचंच ऐकलंय, त्याला सांगू नको ताई, उडाल्यावर सांग.

त्या रात्री ती आनंदानं जेवली होती. दोघांनी एकमेकांचं ऐकलं म्हणजे एकमत झालं, असा तिचा हिशेब. उड्डाण झालं की सगळ्यांसमोर दोघांना उभं करून हे सांगायचं, हे तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं. इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि इतकं साधं गणित तिला सुचलं नाही. दोघांनी आपापली जागा सोडली तर दोघं पुन्हा समोरासमोरच उभे राहतात, फक्त बाजू बदलून.

"थांबा," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही. मग तिनं शाळेतला आवाज काढला आणि बंटीसकट सगळे थांबले.

"चूक कोणाचीच नाय. दादानं रत्नाचं ऐकलंय, आनि रत्नानं दादाचं. दोघांनी मला सांगू नको म्हनून सांगितलं, आनि मी बावळट, मला वाटलं बरं झालं."

सगळ्यात आधी मेघाला उमगलं. तिनं पाना घेतला, उजव्या पंखाखालचं झाकण उघडलं, मग डाव्या. डावीकडे सळई लांबच्या भोकात होती, रत्नदीपच्या. उजवीकडे जवळच्या, रामाच्या. दोन्ही भोकं इतकी गोल, इतकी नेटकी की पाहत राहावं.

ती मागे सरली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसावे लागले. बंटी विमानातून उतरून बापाकडे बघत राहिला, मग काकाकडे, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

भाऊ हसले नाहीत. रामा पंखाखालून उठून उभा राहिला. मध्ये चतुरचं पोट होतं. त्यावरून तो रत्नदीपकडे बघत म्हणाला, आणि महिनाभरानंतरचे हे पहिले शब्द होते, "जवळचं कशाला पाडलंस रं? तुला भ्या वाटत होतं ना?"

"वाटतंच हाय," रत्नदीप म्हणाला. "पन तू उगा नाय बोलनार, असं वाटलं. तू कशाला लांबचं केलंस?"

"तू हँगरमध्ये जन्म काढलास. तुला जास्त कळतं."

"नाय दादा. लग्नात मी जे बोललो ना..."

"ऱ्हाऊ दे ते," रामा म्हणाला. त्यानं तोंड फिरवून उगाच पंखावरून हात फिरवला. रत्नदीप चतुरच्या शेपटीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. भावाजवळ उभा राहिला, पण हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं रामाच्या सदऱ्यावरचा लाकडाचा भुसा झटकला.

आता हे गोड झालं आणि भांडण मिटलं असं कुणाला वाटलं असेल तर त्याला रोकडे माहीत नाहीत. लगेच नवं भांडण सुरू झालं. रामा म्हणायला लागला की रत्नाचंच बरोबर, दोन्हीकडे लांबचं करा. रत्नदीप म्हणायला लागला की नाही, दादाचंच बरोबर, दोन्हीकडे जवळचं. दोघंही इतक्या तावातावानं दुसऱ्याची बाजू मांडत होते की शीतलनं, जी या घरात नवी होती, आत्याच्या कानाशी लागून विचारलं की हे नेहमी असंच असतं का. आत्या म्हणाली की याहून वाईट असतं.

"उडवणार कोण?" मेघानं विचारलं.

दोघं तिच्याकडे वळले.

मेघानं ठरवलं. पहिल्या उड्डाणाला दोन्हीकडे लांबचं. हात हलका, फिरणं बेताचं, झडपा नव्या आहेत, आधी त्यांची ओळख होऊ दे. पट्ट्या दोन्ही भोकांना पुरतील एवढ्या लांब होत्या, कारण त्या कापल्या तेव्हा वाद मिटलेलाच नव्हता. म्हणजे फक्त उजव्या पट्टीत लांबचं भोक पाडायचं. काम रत्नदीपच्या पंखाचं.

रत्नदीपनं ड्रिल उचललं. बटणावर ठेवलेलं बोट त्यानं परत काढून घेतलं. कित्येक वर्षं विमानांना हात लावलेला माणूस, पण यात आज त्याची पोर बसणार होती आणि मघाशी जे घडता घडता राहिलं ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यानं ड्रिल रामापुढे केलं.

"दादा, तू पाड. माझा हात नाय धीर धरत."

रामानं क्षणभर ड्रिलकडे बघितलं. मग तो चतुरच्या नाकासमोरून चालत उजव्या पंखाकडे गेला. महिनाभरात पहिल्यांदाच. रत्नदीपनं पट्टीवर खूण केली, रामानं खूण पुन्हा मोजली, रत्नदीपनं ती परत मोजली, आणि बंटीला वाटलं आता संध्याकाळ होणार. पण मग ड्रिल फिरायला लागलं आणि चकचकीत किस रामाच्या मनगटावर पडायला लागला. रत्नदीप पट्टी दोन्ही हातांनी धरून होता. त्यांची डोकी एकमेकांना लागत होती.

बंटीनं सळईचं टोक आटे फिरवून नीट केलं. मेघानं पुन्हा मोजलं. डावी अठरा, उजवी अठरा.

*

उजव्या टोकाशी रामा उभा होता, डाव्या टोकाशी रत्नदीप, आणि चतुर धावपट्टीवर उड्या मारत निघाला. धूळ उडाली. बांधावरची पोरं ओरडत पळाली. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा रामाला नेहमी वाटायचं तेच वाटलं, की हे आपण केलेलं नाही, आपण केलेलं असं कसं उडेल.

शीतलच्या फोनवर मेघाची आई होती. शीतल म्हणाली, उडाली, आणि पलीकडून फोन कट झाला.

मेघानं माळावर गोल गोल फिरत उंची घेतली. खाली किन्हवलीची कौलं आणि पत्रे, वालाचे हिरवे तुकडे, कापलेल्या भाताची खाचरं, आणि दूरवर माहुली गडाचे सुळके. स्टिक हातात होती आणि ती जिवंत होती. जुन्या झडपांच्या वेळी कुणाशी तरी ओढाताण केल्यासारखं वाटायचं, आता दोन बोटांनी सांगितलेलं कळत होतं. ती एकटीच मोठ्यानं हसली. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मग आणखी थोडं, जसं ठरलं होतं तसं, पायरीपायरीनं. दोन्हीकडे सारखं. नाक कुठेही ओढलं जात नव्हतं.

मग तिनं पट्टे आवळले, नाक जरा वर उचललं आणि स्टिक डावीकडे नेली.

माहुली तिरकी झाली, उभी झाली, डोक्यावर आली. मेघा पट्ट्यांना लोंबकळत होती, पायाखाली आकाश होतं आणि डोक्यावर तिचं गाव. फिरणं चालू होतं, पण सावकाश. पूर्ण फिरून येईपर्यंत नाक खाली घसरायला लागलं आणि तिला ते वर ओढावं लागलं. उजवीकडे केलं. तेच. गोड, हलकं, आणि हळू.

खाली रामा मान वर करून उभा होता. शेजारी रत्नदीप येऊन उभा राहिला होता आणि त्यानं रामाचा दंड इतका घट्ट पकडला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उमटला.

"फिरली," रत्नदीप म्हणाला. "दादा, फिरली ना?"

"फिरली," रामा म्हणाला. त्यानं मान वर ठेवूनच पुढचं म्हटलं, "पन उशीर लागला."

रत्नदीपनं ते ऐकलं. तोही पाहतच होता.

मेघा उतरली तेव्हा लोकांनी चतुरला वेढाच घातला. आत्यानं तिच्या तोंडात खोबऱ्याची वडी कोंबली, बंटीनं तिला उचललं. मेघाचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते आणि ती एकसारखी बोलत होती, लोणी, आत्या, अगदी लोणी. मग तिला समोर बाप दिसला आणि ती बोलायची थांबली.

लांबचं भोक हा मुळात बापाचा हट्ट होता. भांडणानंतर आजच कुठे तो भावाशेजारी उभा राहिला होता. विमान छान आहे, असं सांगून मंगळवारी निघून जाणं सोपं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खोटं नसलं तरी पुरेसं नव्हतं. तिला कसरतींच्या स्पर्धेत उतरायचं होतं, तिथं नाक घसरलं तर उंची जाते, आणि उंची गेली तर काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा, हलकं हाय. सुरेख हाय," ती म्हणाली. "पन मला हळू पडतंय. तात्या म्हनत होता तसंच पायजे."

आजूबाजूची माणसं रत्नदीपकडे बघायला लागली. रामानं खाली बघितलं. आत्यानं पदर सावरला आणि काही तरी गोड बोलायची तयारी केली, पण तिची गरज पडली नाही. रत्नदीपनं मान वर करून सूर्य किती राहिलाय ते पाहिलं. उन्हं कलली होती, पण अजून वेळ होता.

"मग इथं काय उभे ऱ्हायलात?" तो म्हणाला. "दादा, उजवी तू घे. सळई परत जवळच्या भोकात. डावीचं मी पाडतो."

यानंतर जे झालं ते किन्हवलीत अजून सांगतात. दोन म्हातारे पोरांसारखे धावत पंखांकडे गेले, पण या वेळी उलट्या बाजूंना. रत्नदीप डाव्या पंखाखाली, रामा उजव्या. या वेळी ड्रिल रत्नदीपनं स्वतःच चालवलं. दोघं विमानाच्या पोटाखालून एकमेकांना आकडे ओरडून सांगत होते, शिव्याही देत होते, आणि महिनाभराचं साचलेलं एका तासात बोलून घेत होते. व्याही कसे आहेत, गुडघा कसा आहे, वालाला यंदा शेंगा धरल्या का. बंटीकडे पाना मागितला की दोघंही मागायचे आणि तो कुणाला द्यावा हे त्याला कळायचं नाही. शीतल शेवटी दोन पाने घेऊन मध्ये उभी राहिली.

मेघानं मोजलं. चोवीस आणि चोवीस. ती पुन्हा मोजायला लागली तेव्हा कुणी तिला अडवलं नाही.

रत्नदीपनं तिचे पट्टे स्वतः आवळले. जोरात हिसका देऊ नको, आधी वेग कमी ठेव, हात जड लागला की ते विमान तुला सांगतंय असं समज, हे सगळं त्यानं सांगितलं. मेघा प्रत्येक वाक्याला हो म्हणाली, आणि ती खरंच ऐकत होती. मग तो डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला.

इंजिन सुरू झालं. रामा पंखाच्या मागून तिच्यापाशी आला, वाकला आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाला,

"जा गो पोरी. आता दोन्ही बाजूंना आमी दोघंबी हाव."

मेघानं मान डोलावली. तिनं डोळ्यांवर चष्मा ओढला आणि थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला.